चोथा

रात्री नऊला गंगावेशीत आमच्या म्हशी येतात
आणि माणसं येतात, हात पसरून, पेल्यासाठी.
मी चरवी मांडीत दाबून बसतो.
पहिली धार पातळ वाजते,
भांडं भरत आलं की आवाज जड होतो.
किती झालं ते कानाला कळतं. तीस वर्षं झाली.

आमच्यात बाईसुद्धा 'बसतो' म्हणते.
पुण्याची गिऱ्हाइकं हसतात. हसू देत.
फेस मात्र मुकाट्यानं ओठाला लावतात.

तर झालं असं,
की माझ्या नातवाला दूध सोसत नाही.
गवळ्याच्या घरात!
पोटात मुरडा, अंगभर गांधी,
पोरगं कण्हतंय आणि आम्ही हळद घालून
पुन्हा दूधच पाजतोय.
डॉक्टरीण म्हणाली, मावशी, थेंबसुद्धा नको.
मी माझ्या चपलांकडं बघत राहिलो.
शेण होतं एका चपलेला.

मग सुनेनं शेंगदाणे भिजवले.
टरफलं चोळली, वाटलं,
पुरणाच्या फडक्यातनं पिळलं.
चुलीवर ठेवलं आणि जरा पाठ फिरवली
तर ते उतू गेलं.
एवढं तरी ओळखीचं निघालं.

मालक म्हणाले, "ह्याला दूध म्हणायचं न्हाई.
दूध आचळातनं येतं."
सून म्हणाली, "मग नारळाचं? रुईचं?"
मालक तंबाखू मळत बसले.
दोन दिवस दोघांत
मीठ-भाकरीपुरतं बोलणं होतं.

शेंगा शिरोळकडचा बाबगोंडा आणतो.
कागद दाखवतो, शिक्का दाखवतो,
सेंद्रिय म्हणतो, दीडपट भाव लावतो.
मी विचारलं, "आणि बांधापलीकडचा ऊस?
त्यावर औषध मारत्यात का न्हाई?"
तो डोक्यावरची टोपी काढून बसला.
"वाऱ्याला कुठला कागद देऊ, मावशी?" म्हणाला.
खरं बोलला,
म्हणून घासाघीस केली नाही.
आणि त्याच उसाचं वाडं
माझ्या म्हशी खातात, हेही त्याला सांगितलं नाही.

गेल्या शनिवारी कट्ट्यावर एक पोरगा आला,
राजारामपुरीचा, हातात छापलेले कागद.
"दूध रेडकाचं असतं," म्हणाला,
"तुमचं रेडकू कुठंय?"
तालमीतली पोरं उठलीच.
"ए भावा, नाद करतोस काय?"
मी म्हटलं, बसा खाली, पेले संपवा.
प्रश्न मला विचारलाय.

रेडी असली तर दावणीला असते,
तिला नाव ठेवतो, पोळ्याला शिंगं रंगवतो.
रेडा असला तर

तिथनं पुढं माझ्याकडं वाक्य नाही.
चरवीत फेस बसायला लागला होता.
तो बराच वेळ थांबला.
मी पेला पुढं केला, सवयीनं.
त्यानं हात जोडले, घेतला नाही,
पण जाताना बिजलीच्या कपाळावर
हात ठेवून गेला.
बिजली कुणाला हात लावू देत नाही.

आता पहाटे दोन कामं.
आधी धारा. मग मिक्सर.
फडक्यात चोथा उरतो, मूठभर, पांढरा,
टाकायचा जीव होत नाही.
नातू तो घमेल्यात घेऊन जातो,
पेंडीवर पसरतो,
बिजली आधी तोच खाते, जीभ फिरवून,
आणि त्या दिवशी अर्धा लिटर जास्त देते,
असं आपलं मला वाटतं.
मोजलेलं नाही.

तो गोठ्याच्या दारात उभा असतो,
वरच्या ओठावर पांढरी मिशी.
येणारे-जाणारे म्हणतात,
"बघा, गवळ्याचं पोर!"
तो माझ्याकडं बघतो.
मी काही बोलत नाही.
मिशी तेवढी पदरानं पुसतो.